तळहातावरची शाळा

अंधत्व आणि बधिरत्व या दोन्ही आपत्ती एकाच जीवावर कोसळल्या असता त्याचे शिक्षण कोठून सुरू करावे, असे आपल्याकडच्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारले, तर तो बहुधा हेलन केलर यांचे नाव घेईल आणि अलाबामातील टस्कंबिया गावी १८८७ सालच्या ५ एप्रिलला, पंपाच्या धारेखाली एक हात धरलेला असता दुसऱ्या हातावर त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी बोटांनी लिहिलेल्या एका शब्दाची हकीकत सांगेल. ही हकीकत खरी आहे आणि कितीही वेळा ऐकली तरी अंतःकरण हेलावून सोडणारी आहे. परंतु पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून ती इतकी एकटी, मागचापुढचा संदर्भ सोडून सांगितली जाते की, ज्ञान म्हणजे विजेसारखा एका क्षणात उतरणारा प्रसाद होय असा समज ऐकणाऱ्याच्या मनात पक्का होऊन बसतो, आणि ज्या घरात आजही असे मूल आहे तेथील आईबाप त्या एका क्षणाची वाट पाहत मुलाची मोलाची वर्षे हातची घालवतात. म्हणून याच प्रश्नाचे दुसरे एक उत्तर, जे अधिक संथ, अधिक कष्टाचे आणि माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे, ते आपल्या आयुष्याने आणि लेखणीने देऊन गेलेल्या एका विदुषीची ओळख मराठी वाचकास करून देणे मला अगत्याचे वाटते.

ओल्गा इवानोव्हना स्कोरोखोदोवा यांचा जन्म पहिले महायुद्ध पेटण्यापूर्वी, युक्रेनच्या दक्षिणेस खेरसोन शहराजवळच्या बिलोझेर्का या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या पाचव्या वर्षी मेंदूज्वर झाला. त्यात दृष्टी गेली, आणि जे थोडेफार ऐकू येत होते तेही पुढच्या काही वर्षांत मावळत गेले. पुढे आईचेही छत्र हरपले. क्रांती, यादवी युद्ध आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांनी होरपळलेल्या त्या मुलखात अशा पोरक्या मुलीचे काय झाले असते याची कल्पना करणे अवघड नाही; परंतु १९२२ साली तिची रवानगी ओडेसाच्या अंधशाळेत झाली, आणि ऐकू न येणाऱ्या मुलीस शिकविण्याची सोय तेथे नसल्याने १९२५ साली ती खारकिव्हला, इवान अफानास्येविच सोकोल्यान्स्की यांच्या संस्थेत येऊन पोहोचली. बधिरांध मुलांसाठी सोकोल्यान्स्की यांनी १९२३ साली सुरू केलेली ही शाळा नावाला शाळा असली, तरी तिच्यात एकेका मुलामागे एकेक मोठे माणूस, एकेका तळहातामागे एकेक दुसरा तळहात, असा तिचा सगळा कारभार होता.

सोकोल्यान्स्की यांनी त्या मुलीची विझत चाललेली वाचा पुन्हा सावरली, तिला करपल्लवी आणि ब्रेल शिकविली, आणि तिच्यावर एक असे काम सोपविले की ज्याने तिच्या आयुष्याची दिशा ठरली. स्वतःला काय जाणवते, कसे जाणवते आणि त्यावरून आपण काय अनुमान काढतो, याच्या नोंदी तिने स्वतःच ठेवाव्यात, असे त्यांनी सुचविले. त्या नोंदी तिने वर्षानुवर्षे ठेवल्या. मॅक्झिम गॉर्की यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता आणि तो त्या थोर लेखकाच्या अखेरच्या वर्षांपर्यंत चालला. परंतु त्याच काळात, १९३० नंतरच्या त्या दशकात, सोकोल्यान्स्की यांना अटक झाली, सुटका झाली, पुन्हा अटक झाली. जगाशी जोडणारा मुख्य हातच असा वारंवार काढून घेतला जात असता विद्यार्थिनीवर काय बेतले असेल ते ज्याने त्याने जाणावे. मग महायुद्ध आले, खारकिव्ह जर्मन फौजांच्या ताब्यात गेले, शाळा उद्ध्वस्त झाली आणि तिथल्या कित्येक मुलांचा त्यात अंत झाला. ओल्गाबाई वाचल्या.

पुढे त्या मॉस्कोस आल्या, आणि १९४७ साली त्यांच्या त्या नोंदींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्याला भोवतालचे जग कसे जाणवते, एवढाच विषय त्याच्या शीर्षकात होता. १९५४ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली तेव्हा शीर्षकात कल्पनेचा अंतर्भाव झाला, आणि १९७२ च्या आवृत्तीत त्याच्याही पुढे जाऊन आकलनाचा. पाव शतकात एकाच पुस्तकाचे नाव अशा रीतीने वाढत जावे, यातच त्यांच्या बुद्धीचा प्रवास वाचता येतो. १९४८ पासून त्या मॉस्कोच्या दोषविज्ञान संस्थेत संशोधक म्हणून काम करीत राहिल्या, १९६१ साली शिक्षणशास्त्रातील 'कँडिडेट' ही आपल्याकडच्या विद्यावाचस्पतीच्या जवळपास जाणारी पदवी त्यांनी मिळविली, कविताही केल्या, आणि १९८२ साली त्यांचे निधन झाले. ज्यांच्यावर प्रयोग व्हायचा त्यांनीच प्रयोगकर्त्याच्या खुर्चीवर बसावे आणि आपल्या स्वतःच्या चित्तव्यापाराचे परीक्षण शास्त्रीय शिस्तीने करावे, असे उदाहरण विद्येच्या इतिहासात विरळाच.

या पुस्तकाचा मला वाटणारा मोठा गुण म्हणजे त्यात अद्‌भुताचा लवलेश नाही. एका इंद्रियाची हानी झाली की दुसरे आपोआप तीक्ष्ण होते, आंधळ्याला अंतर्दृष्टी असते, असल्या लोकभ्रमांना हे लेखन थारा देत नाही. जमिनीतून पायाला पोहोचणाऱ्या कंपनांवरून खोलीत कोणी आले हे कसे कळते, ओळखीच्या माणसाची चाल अनोळख्याच्या चालीहून कशी निराळी लागते, गंधावरून जागा कशी ओळखू येते, हातात आलेल्या हाताच्या स्पर्शावरून समोरच्या माणसाची मनःस्थिती कशी उमगते, मूर्ती बोटांनी पाहताना भागांवरून पूर्णाची कल्पना कशी बांधली जाते, हे सारे त्या अशा निगुतीने सांगतात की, वाचकास आश्चर्यापेक्षा अभ्यासाचा भास अधिक व्हावा. आणि अभ्यासच तो होता. स्पर्श त्यांना देवाने दिला होता तेवढाच तुम्हाआम्हालाही दिला आहे. त्यांनी तो कमावला, आणि कमावता यावा अशी परिस्थिती कोणा दुसऱ्या माणसाने त्यांच्याभोवती निर्माण केली. लेव्ह विगोत्स्की या मानसशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात मांडलेला सिद्धान्त असा की, व्यंगाचे खरे ओझे शरीरापेक्षा समाजातील संबंध तुटण्यात असते, आणि त्याची भरपाईही त्या संबंधांच्या वाटेनेच व्हावयाची असते. ओल्गाबाईंच्या नोंदी म्हणजे त्या सिद्धान्ताचा जिवंत दाखला होय.

पण ही परिस्थिती निर्माण करायची म्हणजे नेमके काय करायचे? येथे सोकोल्यान्स्की आणि त्यांचे शिष्य अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह यांनी जे सांगितले ते थोडे थांबून, जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात अक्षर पहिले येत नाही; पहिला येतो तो जेवणातला चमचा. जन्मतः किंवा अगदी लहानपणी बधिरांध झालेली जी मुले त्यांच्याकडे येत, त्यांच्यातली कित्येक बसविली तेथे बसून राहत, हातात दिलेली वस्तू गळून पडली तरी ती शोधण्यास हात पुढे करीत नसत; त्यांना आजवर सर्व काही तोंडाशी आणून भरविले गेले होते आणि म्हणून कशाचा शोध घेण्याचे कारणच त्यांना कधी पडले नव्हते. शिक्षिका अशा मुलाच्या पाठीशी बसते, त्याच्या मुठीत चमचा देते, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवते आणि दोघांचा मिळून एक हात वाडग्यातून तोंडाकडे नेते. पहिल्यांदा मूल हात आखडून घेते, चमचा टाकते, पसरलेल्या बोटांनी खाऊ पाहते. असे दिवसच्या दिवस चालते. मग एके दिवशी तोंडाच्या जवळ येता येता त्या मुठीत स्वतःचा असा अगदी पुसट जोर जाणवतो, आणि या विद्येचे सगळे मर्म त्या निमिषात आहे: शिक्षिकेने त्याच क्षणी आपली पकड सैल केली पाहिजे. ती सैल करण्यास उशीर झाला तर मुलाच्या ठायी नुकताच अंकुरलेला उद्यम दबून जातो. सैल करण्याची घाई झाली तर चमचा सांडतो आणि अंकुर करपतो. उद्या तो जोर वाटीपासूनच सुरू होईल, परवा चमचा सापडेनासा झाला तर मूल तो चाचपडून शोधू लागेल. शोधू लागले म्हणजे त्याला जग हवे झाले.

यानंतर चमच्याला लागलेला स्पर्शच जेवणाची खूण होतो, मग चमच्याच्या जागी चमचा धरल्याची हाताची आकृती येते, आणि खुणांचा असा एक संसार उभा राहिला की त्यातील एकेका खुणेची जागा करपल्लवीतील शब्द घेतो. म्हणजे शब्द येतो तो आधीच वसलेल्या घरात राहावयास येतो. जेवणे, कपडे घालणे, अंथरूण आवरणे, भांडे विसळणे या ज्या गोष्टींना आपण शिक्षणाच्या आधीची किरकोळ दिनचर्या समजतो, त्यांच्यातच माणसाने माणसासाठी शतकानुशतके साठविलेली बुद्धी भरलेली असते. चमच्याचा आकारच सांगतो की तो कसा धरावा. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे टस्कंबियाच्या पंपाची हकीकतही निराळी दिसू लागते. हेलन यांच्यापाशी ॲन सलिव्हन येण्यापूर्वीच घरगुती खुणांचा साठेक शब्दांचा संग्रह होता, स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन ही तिची खेळगडी होती, दोघी मिळून स्वयंपाकघरात लुडबुड करीत, कोंबड्यांना दाणे टाकीत, अंडी शोधीत; एकोणीस महिन्यांची असताना आजाराने डोळे आणि कान गेल्यावरही त्या मुलीचे हात रिकामे राहिले नव्हते. पंपाच्या पाण्याने जे पेटले त्याचे सरपण त्या अप्रसिद्ध सवंगडीने आधीच रचून ठेवले होते, आणि इतिहासाने तिच्या वाट्याला चार ओळींपलीकडे काही येऊ दिले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

सोव्हिएत विद्वानांच्या सर्वच दाव्यांना मान डोलवावी असे मात्र मी म्हणणार नाही. मेश्चेर्याकोव्ह यांच्या पुढाकाराने १९६३ साली मॉस्कोजवळच्या झागोर्स्क येथे बधिरांध मुलांचे वसतिगृह-विद्यालय सुरू झाले, आणि त्यातील चार विद्यार्थी १९७१ साली मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दाखल होऊन १९७७ साली पदवीधर झाले. हा पराक्रम मोठाच होता. परंतु तत्त्ववेत्ते इल्येन्कोव्ह यांनी त्यावरून कोऱ्या पाटीवर संपूर्ण मन लिहून दाखविल्याचा जो निष्कर्ष काढला, तो फार ताणलेला होता. त्या चौघांपैकी अलेक्सांद्र सुवोरोव्ह यांची दृष्टी तिसऱ्या वर्षी आणि श्रवण नवव्या वर्षी गेले होते. खुद्द ओल्गाबाईंनी पाच वर्षे जग पाहिले व ऐकले होते. पाटी कोरी नव्हती. परंतु त्याने मूळ मुद्द्यास बाध येत नाही, उलट तो अधिकच गंभीर होतो. कारण पाच वर्षांची वाचा लाभलेल्या मुलीचेसुद्धा बोलणे दुसऱ्या माणसाचा हात न मिळाल्यास विझू लागले होते, मग ज्याला तेवढेही लाभले नाही त्याच्या बाबतीत एकेक महिन्याच्या विलंबाची किंमत काय असेल?

या प्रश्नाने आपण आपल्या दारी येतो. १९५५ साली हेलन केलर वयाच्या पंचाहत्तरीत आशियाच्या दौऱ्यावर निघाल्या असता भारतातही आल्या होत्या, त्यांचे ठिकठिकाणी भव्य स्वागत झाले, खुद्द पंतप्रधान नेहरूंनी त्यांची भेट घेतली. आणि त्यानंतर या देशात बधिरांध मुलांसाठी खास संस्था उभी राहावयास, ती आपल्याच मुंबईत त्यांच्या नावाने, १९७७ साल उजाडावे लागले. बावीस वर्षे आपण त्या बाईंचे गुणगान करीत होतो आणि त्यांच्यासारखी मुले भिंतीशी बसून होती. पुढे १९९५ चा अपंगांविषयीचा कायदा आला, त्यात बधिरांधत्वाचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी दिली आणि बहुविध दिव्यांगत्वात बधिरांधत्वाचे नाव प्रथमच स्पष्टपणे नोंदले. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांत वाटा, ह्याही तरतुदी त्यात आहेत. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते उघडले. कागदोपत्री हे सारे अभिमानास्पद आहे आणि ज्यांनी त्यासाठी खटपट केली त्यांचे ऋण मान्य करावयासच हवे.

परंतु २०११ च्या जनगणनेने देशातील २ कोटी ६८ लक्ष दिव्यांगांची मोजदाद केली त्यात बधिरांधांचा रकाना वेगळा नव्हता. एकाहून अधिक व्यंगे असणाऱ्या सुमारे २१ लक्ष माणसांच्या गर्दीत ते मिसळून गेले. ज्याची संख्याच दप्तरी नाही त्याच्यासाठी शिक्षक किती लागतील हे कोण सांगणार? आणि शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो असे कायदा म्हणत असला, तरी मुठीतल्या चमच्याचे शिक्षण सहाव्या वर्षापर्यंत थांबत नाही. ते मिळाले नाही तर त्याच्या जागी भरवून घेण्याची सवय शिकली जाते, आणि ती विसरविणे मूळ शिकविण्याहून कठीण असते.

आपल्या घरांतून असे मूल कसे वाढते ते पाहा. आजी त्याला भरवते, आई त्याला न्हाऊ घालते, ताई त्याच्या पायांत चपला सरकवते. दारावरची बाई हळहळते आणि देवळातला भटजी पूर्वजन्मीचे काहीतरी सांगून जातो. कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो, उलट जो तो झिजत असतो, आणि त्या झिजण्यातच मुलाचे हात निकामी होत जातात. पाण्याचा तांब्या कोठे ठेवतात हे त्याला कधी कळत नाही, कारण तहान लागण्याच्या आधीच तो ओठांना लावला जातो. या घरांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. कामावर जाणाऱ्या आईला सकाळच्या घाईत मुलाच्या मुठीवर मूठ ठेवून अर्धा तास बसणे परवडत नाही, आणि बसावे कसे हे तिला कोणी दाखविलेले नसते. हे दाखविण्यासाठीच प्रशिक्षित माणूस तिच्या दाराशी यावयास हवा, आणि तो यावयाचा तर त्याची नेमणूक व्हावयास हवी.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच निर्दय नसतात: एका मुलामागे एक शिक्षक, तोही दहा-बारा वर्षे, एवढा खर्च गरीब देशास झेपेल काय, आणि तेवढ्याच पैशांत एका खेड्याची शाळा चालली नसती काय? याचे उत्तर फलश्रुतीच्या हिशेबाने देण्याचा मोह मला टाळावासा वाटतो. प्रत्येक बधिरांध मूल ओल्गाबाई किंवा हेलन होणार नाही. बहुतेक जण पुस्तक लिहिणार नाहीत, कोणी विद्यापीठाची पायरी चढेल, बरेच जण चढणार नाहीत, आणि एखाद्याचे सारे शिक्षण स्वतःच्या हाताने जेवणे, भूक लागली हे खुणेने सांगणे आणि आईचा हात ओळखून हसणे एवढ्यावरच थांबेल. ओल्गाबाईंच्या कीर्तीचा आधार घेऊन अशा मुलांच्या शिक्षणाची रदबदली करणे म्हणजे तसे कीर्तिमान न होणाऱ्यांवर अन्याय करणे होय. त्यांच्या पुस्तकाने सिद्ध केली ती गोष्ट याहून साधी आणि याहून मूलगामी आहे: बंद दिसणाऱ्या त्या देहात जग जाणून घेण्याची शक्यता असते, आणि ती प्रकट होते की मिटून जाते हे पलीकडे बसलेल्या माणसावर अवलंबून असते. ही गोष्ट कळल्यानंतरही त्या माणसाची जागा रिकामी ठेवणे हा राज्यकर्त्यांचा आणि आपणा सर्वांचा निर्णय ठरतो. त्यास दैवाचे नाव देता येत नाही.

तेव्हा मागणी अगदी मर्यादित आहे. येत्या जनगणनेच्या पत्रकात बधिरांधांचा रकाना निराळा असावा. इस्पितळात ज्या बालकाचे डोळे आणि कान दोन्ही अधू असल्याचे निदान होईल, त्याची वर्दी जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयास त्याच महिन्यात पोहोचावी, आणि तेथून घरी जाणारा शिक्षक मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दाराशी उभा राहावा. बधिरांधांना शिकविणाऱ्यांसाठी पदविकेचे अभ्यासक्रम आपल्याकडे आहेत. ते पुरे करून बाहेर पडणाऱ्यांना आज बहुधा धर्मादाय संस्थांच्या तुटपुंज्या मानधनावर, वर्षावर्षाच्या करारांवर दिवस काढावे लागतात, आणि दोन वर्षे एका मुलाच्या मुठीवर मूठ ठेवलेला शिक्षक तिसऱ्या वर्षी पोटासाठी दुसरीकडे निघून गेला म्हणजे त्या मुलाला सोकोल्यान्स्की यांच्या अटकेनंतरच्या ओल्गेसारखे पुन्हा अंधारात सोडल्यासारखे होते. म्हणून राज्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात या शिक्षकांसाठी स्वतंत्र शीर्ष असावे, आणि त्या शीर्षाखाली अनुदान किंवा मानधन हे शब्द न घालता कायम पदे आणि त्यांची वेतनश्रेणी लिहावी.